गिऱ्हाइकाचा सोफा

४ नोव्हेंबर

आत्या,

नमस्कार. बाबा म्हणतात, आधी ख्यालीखुशाली विचारायची आणि मग कामाचं बोलायचं. तर तू कशी आहेस? कानाचं यंत्र घालतेस की अजून डब्यातच पडलंय? झालं विचारून. आता कामाचं.

परदेशातल्या त्या कॉलेजने मला पहिल्या फेरीत निवडलं. कान आणि आवाज यांचं शास्त्र, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी काय काय करता येतं ते शिकायचं. तुला आधी सांगितलं होतं तेव्हा तू म्हणालीस, माझे कान आता दुरुस्तीच्या पलीकडे गेलेत, दुसरा धंदा बघ. तोच विषय.

पण निवड झाली म्हणजे प्रवेश झाला असं नाही. तिथली फी ऐकून आई दोनदा खाली बसली. तिथे एक शिष्यवृत्ती आहे, तीच आपली एकमेव वाट. ती मार्कांवर नाही, गरजेवर मिळते. ते लोक घरची परिस्थिती तपासतात, घराला जेवढं झेपतं तेवढं घराने द्यायचं, उरलेलं सगळं कॉलेज देतं. अट एवढीच की जे सांगाल ते खरं असलं पाहिजे. ती नाही मिळाली तर जूनपासून फर्निचरच्या शोरूममध्ये बिलं फाडायची. मालकाने बाबांना जागा सांगून ठेवलीय. जागा चांगली आहे असं सगळे म्हणतात आणि ते ऐकलं की मी विषय बदलते.

तर मला घरच्या परिस्थितीचं एक निवेदन लिहून हवंय. तू इतकी वर्षं कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करतेस, तुझ्याइतकं कुणाला जमणार? घरचं तुला ठाऊकच आहे. बाहेरच्या खोलीत बाबांचं सोफे दुरुस्तीचं काम, आतल्या खोलीत आम्ही. सध्या डॉक्टरीणबाईंचा मोठा मखमली सोफा आलाय, उलटा करून ठेवलाय, स्प्रिंगा बाहेर. आम्ही त्याच्या कडेने अंग चोरून ये-जा करतो. घरातल्या कोणीही गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसायचं नाही हा कायदा अजून तसाच आहे. लहानपणी मी एकदा बसले होते तेव्हा बाबा ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "तो आपला नाही." त्यानंतर मी कधी बसले नाही.

लवकर लिही.

तुझी टाचणी

*

११ नोव्हेंबर

टाचणे,

आशीर्वाद आहेतच, दर वेळी लिहून रिबीन कशाला झिजवू. यंत्र डब्यात आहे आणि डब्यातच राहणार. ते घातलं की लोक काय बोलतात ते ऐकू येतं.

निवड झाली हे वाचून मी शेजारच्या नोटरीला चहा पाजला. तो कारण विचारत होता, मला ऐकू आलं नाही.

आता निवेदनाचं. माझ्या टेबलावरून जेवढे गरीब गेलेत तेवढे अख्ख्या जगात नसतील. त्यातले निम्मे तर दुचाकीवरून यायचे. दयेचा अर्ज कसा लिहायचा हे मला चांगलं कळतं. वाचणाऱ्यापुढे गठ्ठा असतो, त्याला वेळ नसतो, पहिल्या दोन ओळींत त्याचा घसा दाटून आला पाहिजे. मधलं अधलं काही चालत नाही. "जेमतेम भागतं" असं लिहिलंस तर तो म्हणेल, भागतंय ना, मग बरं आहे. तेव्हा खालचा मजकूर जसाच्या तसा त्यांच्या भाषेत कर:

"अर्जदाराचे वडील प्रकृतीने खंगलेले असून त्यांच्या हातास काम राहिलेले नाही. उत्पन्नाचे कोणतेही साधन नसून सदर कुटुंब पूर्णतः असहाय अवस्थेत नातेवाइकांच्या दयेवर दिवस कंठीत आहे. अर्जदाराच्या वडिलांस आपल्या अपत्याच्या शिक्षणाचा भार उचलणे सर्वस्वी अशक्य आहे."

पुढे आईबद्दल दोन ओळी तू घाल. मशीनवर खोळी शिवून तिचे डोळे गेले असं लिही. गेले नसले तरी जातील.

आत्या

*

१९ नोव्हेंबर

आत्या,

तू एक गोष्ट विसरलीस. तुझी पत्रं आपल्याकडे मोठ्याने वाचतात.

पाकीट आलं तेव्हा जेवणं नुकतीच उरकली होती. बाबा नेहमीसारखे भिंतीला टेकून बसले, म्हणाले, "वाच, अक्का काय म्हणते." मीही वेंधळी, आधी नजर न फिरवता सुरू केलं. नोटरीच्या चहावर बाबा हसले. दुचाकीवाल्या गरिबांवर तर त्यांना ठसका लागला. मग तो मजकूर आला. पहिल्या ओळीला माझी जीभ अडखळली. मी म्हटलं, पुढे नुसता नमुना आहे, कंटाळवाणा आहे. बाबा म्हणाले, "पुढे वाच." मी म्हटलं, बाबा, राहू दे. ते म्हणाले, "वाच."

मग मी वाचलं. असहाय अवस्थेत, नातेवाइकांच्या दयेवर, सगळं. आई उगाच भांडी हलवत राहिली. बाबा आपल्या हातांकडे बघत होते. मी थांबले तेव्हा म्हणाले, "चांगलं लिहिते अक्का." उठले, बाहेर गेले आणि तोंडात खिळे धरून सोफ्याला पट्टे ठोकायला लागले. तुला माहितीय, तोंडात बारीक खिळे असले की ते बोलत नाहीत. हल्ली ते जेवायच्या वेळेलाच काय ते खिळे काढतात.

तुझा मजकूर मी पाठवला नाही. माझं मीच लिहिलं. बाबांचं काम आहे, कधी दोन सोफे एकदम येतात, कधी महिनाभर कोणी फिरकत नाही, आई खोळी शिवते, शिल्लक पडत नाही. साधंच लिहिलं. त्यांनी ते घेतलं आणि आता त्या विभागाच्या बाईंना व्हिडिओ कॉलवर घर बघायचंय आणि वडिलांशी बोलायचंय. बाबांना ती भाषा येत नाही म्हणून मध्ये मी सांगणार. सहा डिसेंबरला आहे.

बाबांनी एवढंच विचारलं, "बाई घर बघणार म्हणजे आपल्याकडे पाहुण्याच ना त्या?" मी हो म्हटलं. जीव टांगणीला लागलाय. तू त्यांना काही लिहू नकोस, आणि लिहिलंस तर मलाच वाचावं लागेल हे लक्षात ठेव.

टाचणी

*

२७ नोव्हेंबर

टाचणे,

विसरले. चूक झाली. पण त्यालाही कळायला हवं की अर्जातला बाप वेगळा असतो आणि घरातला वेगळा. मी रोज लोकांना विधवा, वेडे आणि बेघर करते, संध्याकाळी ते धडधाकट घरी जातात. कागदावरचं कोणी अंगाला लावून घेतं का?

हे त्याला मोठ्याने वाचून दाखव. ए धाकट्या, तू असहाय नाहीस. तू हट्टी आहेस. असहाय माणसाशी निदान बोलता तरी येतं.

पुढचं मोठ्याने वाचू नकोस. टाचणे, कॉलवर त्याला फार बोलू देऊ नकोस. मला त्याची भीती वाटते. बाईंना सोफ्याचा सांगाडा दिसू दे, गोणपाट दिसू दे, तुम्ही कसे कडेने चालता ते दिसू दे. काही आवरू नका.

झाल्याबरोबर कळव.

आत्या

*

८ डिसेंबर

आत्या,

कॉल झाला. बरा झाला. बाई चांगल्या होत्या, हसून बोलल्या. तुझं पत्र कॉलच्या दुसऱ्या दिवशी आलं. निकाल मार्चमध्ये कळेल.

आईने तुझ्यासाठी उशीची खोळ शिवलीय, पाठवते. इकडे थंडी बरी आहे. तब्येतीला जप.

टाचणी

*

१५ डिसेंबर

टाचणे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात खोळ आहे, थंडी आहे, माझी तब्येत आहे. बाबा नाहीत.

माझ्यासमोर बसून लोक हकिगत सांगतात तेव्हा मला ऐकू कमी येतं, पण एक कळतं. खरं सांगणारा फाटे फोडत बसतो, त्या दिवशी काय जेवला होता तेही सांगतो. "बरं झालं" असं म्हणून जो गप्प बसतो, त्याच्या पोटात काहीतरी असतं. तू चार ओळींत उरकणारी मुलगी नाहीस. काय झालं ते लिही, आणि काय जेवलीस इथपासून लिही. मी रागावेन. पण मी तशीही रागावतेच, त्यात नवीन काय.

आत्या

*

२ जानेवारी

आत्या,

लिहिते. आता लिहावंच लागणार आहे, कारण सगळं अंगाशी आलंय.

सहा तारखेला बाबा अंधारातच उठले. मी जागी झाले तेव्हा बाहेरची खोली मला ओळखू येईना. हातोडी, कात्र्या, फोमचे तुकडे, गोणपाट, पट्ट्यांची गुंडाळी, सगळं त्यांनी शेजाऱ्यांच्या बोळात नेऊन ठेवलं होतं. फरशी पुसली होती. भिंतीवरची मापं खडूने लिहिलेली असतात ना, तीही पुसली. मध्यभागी डॉक्टरीणबाईंचा सोफा. आदल्याच दिवशी पुरा झाला होता. हिरवी मखमल, नवी कोरी, हात फिरवला की रंग बदलणारी. आईला त्यांनी ठेवणीतली साडी नेसायला लावली. मी म्हटलं, बाबा, हे काय? तर म्हणाले, "पाहुण्यांसमोर पसारा नको." मी वाद घालायला हवा होता, पण कॉलला थोडाच वेळ राहिला होता आणि मी घाबरले होते.

आणि मग, आत्या, बाबा त्या सोफ्यावर बसले. अगदी कडेला, अर्धेच, मखमलीला पाठ न लावता. आई दारात होती, ती बघतच राहिली. जन्मात पहिल्यांदा.

बाईंनी खोली बघितली. सुंदर घर आहे म्हणाल्या. मग विचारलं, मुलीच्या शिक्षणासाठी तुम्ही वर्षाला किती देऊ शकाल? मी बाबांना सांगितलं. बाबा ताठ झाले आणि म्हणाले, "सांग त्यांना, आमच्याकडे काही कमी नाही. जे लागेल ते देऊ."

मी काय सांगितलं माहितीय? मी सांगितलं, "वडील म्हणतात, त्यांना जमेल तेवढं ते करतील." बाबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. त्यांना वाटलं मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं पोचवलं. ती मान डोलावलेली माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून तुला तेव्हा लिहिलं नाही. मला वाटलं निभावलं. काल त्यांचा मेल आला. कॉलचं रेकॉर्डिंग त्यांनी आपली भाषा जाणणाऱ्या कोणाला तरी ऐकवलं, तशी पद्धतच आहे म्हणे. आता ते म्हणतात, वडील बोलले ते आणि तुम्ही सांगितलं ते जुळत नाही. अर्जात लिहिलेली परिस्थिती आणि दिसलेलं घर जुळत नाही. जानेवारी संपायच्या आत खुलासा करा, नाहीतर शिष्यवृत्तीसाठी तुमचा विचार होणार नाही.

म्हणजे आता त्यांच्या लेखी आम्ही श्रीमंत आहोत आणि मी खोटारडी आहे. पहिलं खरं असतं तर दुसरं परवडलं असतं.

बाबांना मेलमधलं अजून सांगितलेलं नाही. शोरूमच्या मालकाने परवा पुन्हा निरोप पाठवला. काय करू ते सांग. रागव, पण नंतर सांग.

टाचणी

*

८ जानेवारी

टाचणे,

जलद टपालाने पाठवतेय, आणि हाताने लिहिलंय, कारण घरी टाइपरायटर नाही आणि उद्यापर्यंत थांबवत नाही.

तुझ्यावर रागावले नाही. त्याच्यावर रागावले होते, पण तो अर्ध्या सोफ्यावर बसला होता हे वाचलं आणि राग कुठे गेला कळलं नाही. त्या दिवशी त्याच्या अंगात माझा मजकूर बसला होता. "असहाय" या शब्दाला त्याने मखमलीने उत्तर दिलं.

तुला एक गोष्ट कोणी सांगितली नसेल. आमचे वडील गेले तेव्हा तो सातवीत होता. शाळेने त्याची फी माफ केली, चांगलंच केलं. पण तिथल्या मुख्याध्यापकांची पद्धत होती. फी माफ झालेल्या मुलांना ते प्रार्थनेनंतर पुढे बोलवायचे आणि त्यांच्याकडून सगळ्या शाळेसमोर आभार मानून घ्यायचे. हा पुढे गेला, उभा राहिला आणि तोंड उघडलं नाही. सर म्हणाले, बोल. हा गप्प. सगळी शाळा हसली. दुसऱ्या दिवसापासून तो सोफेवाल्याकडे कामाला गेला. आई रडली, मी मारलं, काही उपयोग झाला नाही. आता तुझ्या शिक्षणासाठी पुन्हा कोणीतरी त्याला पुढे बोलवून विचारतंय, तुझ्याकडे काय नाही ते सांग. मला हे दिसायला हवं होतं.

आता काय करायचं ते ऐक. कॉलेजला सगळं लिही. सोफा कोणाचा, हत्यारं कुठे होती, आणि तू काय बदलून सांगितलंस तेही. आधी तुझं लिही, मग त्याचं. अर्जात पदरचं घालण्यात माझं आयुष्य गेलं, पण तुझ्या कामात ते चालणार नाही. दुसरा कॉल माग. त्यांचा माणूस मध्ये बोलू दे, तू नको.

मेलमधलं बाबांना सांग. आजच सांग.

सोबत एक बंद पाकीट आहे. ते त्याचं. तू वाचायचं नाही, मोठ्यानेही नाही आणि मनातही नाही. त्याला सावकाश वाचता येतं. वेळ लागेल, लागू दे.

आत्या

*

२३ जानेवारी

आत्या,

आज सकाळी दुसरा कॉल झाला. काय झालं ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, या वेळी लपवत नाहीये. म्हणून सगळं लिहिते, काय जेवले तेही. काही जेवले नाही.

मेलमधलं बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग विचारलं, "मी बोललो ते तू सांगितलं नाहीस?" मी नाही म्हटलं. "का?" मी म्हटलं, तुम्ही तसं बोललात तर मला काहीच मिळणार नाही म्हणून. ते म्हणाले, "मग मला तेव्हाच थांबवायचंस." मला रडू आलं. ते तिथेच बसून राहिले, गेले नाहीत. एवढंच बरं.

तुझं पाकीट त्यांनी खिशात ठेवलं. दोन दिवस दुपारी दाराशी बसून वाचत होते. आईने विचारलं काय लिहिलंय, तर म्हणाले, "बहीण-भावाचं आहे."

कॉलेजला मी तू म्हणालीस तसं लिहिलं. त्यांनी आजचा दिवस दिला. काल मी विचारलं, खोली कशी ठेवायची? बाबा म्हणाले, "आहे तशी." आणि खरंच काही हलवलं नाही. दवाखान्यातला बाकडा आलाय, फाडून ठेवलेला, आतला जुना भुसा फरशीभर. मी फोन टेकवून ठेवला. पलीकडे त्या बाई आणि त्यांचा दुभाषी. त्याने मला आपल्या भाषेत नीट सांगितलं, तुम्ही आणि आई दुसऱ्या खोलीत जा, दार लावा.

आम्ही दोघी आत. आई मशीनसमोर बसली आणि चालवेना. बाहेरून दुभाष्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग बाबांचा थोडा वेळ. मग दुभाष्याचा, प्रश्न असावा. मग शांतता. आत्या, ती शांतता संपेचना. दुभाषी पुन्हा काहीतरी बोलला. पुन्हा शांतता. आणि मग हातोडीचा आवाज यायला लागला. ठक, ठक, सावकाश.

आई माझ्याकडे बघायला लागली. मला शाळेचं आठवलं, तू लिहिलेलं. मला वाटलं झालं, बाबा पुढे जाऊन उभे राहिले आणि तोंड उघडलं नाही. ते कामाला लागले आणि त्या बाई तिकडे वाट बघतायत. मी दाराला हात लावला होता. आईने तो धरून ठेवला.

नंतर हातोडी थांबली आणि बाबा बोलले. थोडंच. दार उघडून म्हणाले, "झालं. त्या गेल्या." मी विचारलं, काय बोललात? "जे आहे ते." म्हटलं, किती सांगितलंत? शून्य सांगितलंत ना? त्यांनी बाकड्याकडे बघत विचारलं, "शून्यच सांगायचं होतं का?" आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुढे विचारलं तर ते भुसा गोळा करायला लागले.

तुझ्या पाकिटातून आलेले पैसे त्यांनी तुला परत करायला सांगितलेत, सोबत आहेत. पैसे होते हे मला आत्ता कळलं. त्यांच्या मनाला लागलं असं समजू नकोस, तुझा राग नाही म्हणाले. मला काही कळेनासं झालंय. शोरूमला मी मार्चमध्ये कळवते असं सांगितलंय.

टाचणी

*

१६ मार्च

आत्या,

मिळाली.

सकाळी मेल आला. मी तो आईला वाचून दाखवला, मग परत स्वतःला. कॉलेजची फी, राहणं, जेवण, जायचं तिकीट, सगळं ते देणार. माझ्या खुलाशाबद्दल एक ओळ आहे, खरं कळवल्याबद्दल आभार, पण यापुढे दुसऱ्याचं बोलणं बदलू नये. ती ओळ मी कागदावर उतरवून पुस्तकात ठेवणार आहे.

पण शून्य नाही. खाली लिहिलंय, कुटुंबाचा वाटा, वडिलांनी सांगितल्याप्रमाणे, आणि पुढे एक आकडा. मोठा नाही. पण आपल्यासाठी आहेच. मी बाबांना तो दाखवला. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं, म्हणाले, "बरोबर आहे," आणि कितीतरी दिवसांनी हसले. हा आकडा आला कुठून, तर सांगत नाहीत. म्हणतात, अक्काला मी लिहितो. बाबा पत्र लिहिणार. तू यंत्र घालून बस, काय सांगावं, ऐकूही येईल.

शोरूममध्ये आज जाऊन नाही म्हणून आले. मालक म्हणाले, जागा चांगली होती. मी म्हटलं, होय, चांगली होती.

टाचणी

*

२२ मार्च

टाचणे,

तुझं पत्र आलं तेव्हा टेबलासमोर पक्षकार बसला होता. मी त्याच्या अर्जात चुकून त्याला सुखी लिहिलं. पान बदलावं लागलं.

आता मी काही उपदेश करणार नाही. रडले, आणि रडले हे लिहून टाकते.

पुढचं बाबांना मोठ्याने वाच. धाकट्या, माझे पैसे परत पाठवलेस. बहिणीचे घ्यायचे नाहीत, ठीक आहे. मग गिऱ्हाइकाचे तरी घेशील की नाही? मी इतकी वर्षं लाकडी खुर्चीवर बसून पाठ मोडून घेतली. मला सोफा करून हवाय. दोन माणसांचा. रंग तू ठरव, मखमल नको. मजुरी जी असेल ती सांग, घासाघीस करणार नाही. आणि तो आकडा कुठून काढलास ते आता सांग, नाहीतर मला झोप येणार नाही.

आत्या

*

२ एप्रिल

अक्का,

मला लिहायची सवय नाही. चुकलं तर समजून घे. हे पत्र मीच लिहितो आहे, पोरीला दाखवलेलं नाही.

तू पाकिटातल्या चिठ्ठीत लिहिलं होतं की शून्य सांग, बाकी मी बघते. मी शून्य सांगायचंच ठरवलं होतं. त्या दुभाष्याने विचारलं, वर्षाला किती देऊ शकाल. चांगला माणूस होता, घाई करत नव्हता. मी तोंडात खिळे धरले. काम नव्हतं तेव्हा, उगाच धरले. शून्य म्हणायला तोंड उघडेना. शाळेत उघडलं नव्हतं तसंच. मग म्हटलं हात तरी चालू दे. पट्टा ठोकत बसलो. ठोकताना मनात आलं, मी असहायही नाही आणि शेठही नाही. मला वर्षाला किती सोफे होतात ते मला ठाऊक आहे. त्यातले किती पोटाला जातात तेही ठाऊक आहे. मग खिळे काढले आणि म्हणालो, वर्षाला एक सोफा. एका सोफ्याची मजुरी मी पोरीला देईन, दर वर्षी, ती शिकते आहे तोवर. त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. त्याने बाईंना सांगितलं. बाईंनी विचारलं, एका सोफ्याचे किती होतात. मी सांगितले. त्यांनी लिहून घेतले. कोणी हसलं नाही.

पोर घाबरली होती मला माहीत होतं. पण निकाल लागेपर्यंत तिला सांगितलं नाही, कारण नाही मिळाली असती तर तिने त्या एका सोफ्याला दोष दिला असता.

तुझी ऑर्डर मिळाली. पोरीसाठीचा ह्या वर्षीचा सोफा तुझाच धरतो. म्हणून बहीण असलीस तरी एक पैसा सोडणार नाही, पूर्ण मजुरी घेणार. सांगाडा जुन्या पक्क्या लाकडाचा घेतलाय. कापड मातकट रंगाचं, मळलं तरी दिसणार नाही. पट्टे मी स्वतः ठोकतोय, खोळ तिची आई शिवते आहे. मे महिन्यात तयार होईल. टेम्पोबरोबर मीच येईन, पोरही येईल, जायच्या आधी तुला भेटायचं म्हणते.

एक विचारायचं आहे. दोन माणसांचा सांगितलास म्हणून विचारतो. आल्यावर त्या सोफ्यावर मी थोडा वेळ बसेन म्हणतो, पाठ टेकून. गिऱ्हाइकाची हरकत नसेल तर कळव.

धाकटा